पारोसा फोन

समस्त भाऊबंद, व्याही, आप्तेष्ट आणि ‘चहा नको’ म्हणत दोन कप पिऊन जाणारे सर्व स्नेही यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, धुळ्याच्या घरातील टेलिफोन आजपासून एका जागी राहणार नाही. तो स्वयंपाकघरात असेल, परसात असेल, प्रसंगी न्हाणीच्या दारातही असेल. तरी फोन करणाऱ्याने किमान बारा रिंगा धीर धरावा. त्याआधी फोन ठेवून गावभर बोंब मारणाऱ्यास कुटुंब जबाबदार राहणार नाही.

हे निवेदन मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तेव्हा होळी होऊन दोन दिवस झाले होते. बायकोने अंगठा दाखवला. पुण्याच्या भाच्याने एक हसरं तोंड पाठवलं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, शिरपूरला असते. तिने लिहिलं, ‘बारा नाही. दहा.’

दहा की बारा हा वाद वाटतो तेवढा किरकोळ नव्हता. मायने धुळ्याच्या घरात राहायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

माय म्हणजे आमची आई. वय अठ्ठ्याहत्तर. सगळी गल्लीच तिला माय म्हणते, त्यामुळे आम्हा दोघा भावंडांचा तिच्यावर वेगळा असा काही हक्क उरलेला नाही. दिवाळीच्या आधी ती परसात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, खुबा बसला, वॉकर आला. एका हाताने पदर सावरत आणि दुसऱ्या हाताने जगाला शिस्त लावत चालणाऱ्या बाईचे दोन्ही हात एकदम अडकले. याचा तिला खुब्यापेक्षा जास्त राग.

आमचं घर लांबट. ओटा, बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि शेवटी परस, असं एकामागे एक. फोन बैठकीच्या कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली. माय दिवसभर पार मागच्या टोकाला. फोन वाजला की ती वॉकर उचलायची, टेकवायची, एक पाऊल, पुन्हा उचलायची. नुसता मधला उंबरा ओलांडायला तीन रिंगा जायच्या. ती कोनाड्याशी पोचून रुमाल बाजूला करेपर्यंत फोन गप्प झालेला असायचा. ‘कोन होतं ते देवाले माहीत,’ म्हणून ती परत फिरायची आणि मधल्या खोलीत असतानाच फोन पुन्हा वाजायचा.

थंडीत एकदा असं चारदा झालं. मी चार वेळा फोन केला, चारही वेळा नुसता वाजला. शेजारी कुणी उचलेना. मी जळगावहून गाडी काढली. एरंडोलपर्यंत मी स्वतःला समजावत होतो. पारोळ्यानंतर समजावणं संपलं. गावात शिरताना मी मनातल्या मनात कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी करत होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात धावत गेलो तर माय परसात खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून म्हणाली, “अरे वा! आज सुट्टी शे का?”

मी तिथेच पायरीवर बसलो. तिने मला शेंगा सोलायला लावल्या.

त्यानंतर अक्का शिरपूरहून आली आणि बैठकीत न्यायालय भरलं. अक्काने निकाल आधीच आणला होता: माय जळगावला, माझ्याकडे. माय म्हणाली, “मी कोठे जाव नई. मी आठेच ऱ्हासू.” इथेच म्हणजे इथेच. मोबाइल देऊन झाला होता. काचेच्या मोबाइलला तिच्या बोटांचा स्पर्शच कळायचा नाही. साठ वर्षं भाकरी थापलेली बोटं ती, त्यांना दाबणं माहीत, गोंजारणं माहीत नाही. बटणांचा घेतला तर तो तांदळाच्या डब्यात ठेवायची, चोरीला जाऊ नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, जळगावला काय वाईट आहे? काही नाही. माझी बायको तिला फुलासारखी जपते. तेच वाईट आहे. खुब्यानंतर ती आमच्याकडे दीड महिना राहिली. चहा हातात, ताट हातात, टीव्हीचा रिमोट हातात. एक दिवस मी ऑफिसातून आलो तर ती गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचे जिने मोजत होती. मला म्हणाली, “भाऊ, तिसऱ्या मजल्यावरची बाई आज झाडायची विसरली.” त्या आवाजात जे होतं ते मी ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात तिला धुळ्याला पोचवलं.

म्हणून मी न्यायालयात तिसरा पर्याय मांडला: बिनवायरचा फोन. फोनच तिच्याबरोबर फिरेल. अक्काने बराच वेळ विचार करून शर्त घातली. दीड महिना परीक्षा. आम्ही दोघं रोज एकेकदा, न सांगता, वाटेल त्या वेळी फोन करणार. दहा रिंगांच्या आत उचलायचा. तीनदा चुकलं की बॅग भरायची.

“मंजूर,” माय म्हणाली. तिने अशा तोऱ्यात मान डोलावली की जणू तीच परीक्षा घेणार होती.

फोन मी जळगावहून घेतला. एका खोक्यात दोन हँडसेट. एक मुख्य बैठक, म्हणजे हँडसेट ठेवायचा स्टँड, जिच्यात वायर जाते, आणि दुसऱ्या हँडसेटला नुसतं चार्ज व्हायला छोटी बैठक. पुस्तिकेत लिहिलं होतं, पहिल्यांदा सोळा तास चार्ज करा. मायने ते ऐकलं आणि म्हणाली, “सोळा तास? बाळंतीण पन येवढी झोपत नई.” तरी तिने सोळा तास त्याला कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्यापाशी मोठ्याने बोलायचीही नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणी. मी समारंभपूर्वक गल्लीत गेलो, मोबाइलवरून घरचा नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला माय खिडकीत आली, कानाला हँडसेट, आणि मला बघून ओरडली, “समोर उभा शे तर आत येऊन बोल ना!” गल्ली हसली. शेजारच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. या काकू सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या, त्यामुळे गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. मायच्या खुब्यावर त्यांची देखरेख, आणि त्यांच्या फोडणीवर मायची. सिस्टरने त्याच संध्याकाळी जुन्या खणाची एक पिशवी शिवून वॉकरच्या दांडीला बांधली. हँडसेट त्या पिशवीत. मी विजयी वीराप्रमाणे जळगावला परतलो.

चौथ्या दिवशी पहिली चूक. अक्काने फोन केला, कुणी उचलला नाही. मी केला, तरी नाही. शेवटी सिस्टरच्या मोबाइलवर फोन केला. त्या जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, “माय मजेत आहे. फोनचं बटण बंद आहे.”

आमच्या मायचा एक नियम आहे. खोलीतून बाहेर पडताना त्या खोलीतलं प्रत्येक बटण बंद. पंखा, दिवा, टीव्ही, सगळं. पाहुणा आत बसलेला असला तरी. मुख्य बैठक होती टीव्हीच्या शेजारच्या प्लगवर. माय उठली, हँडसेट पिशवीत आहे याची खात्री केली, आणि शांतपणे भिंतीवरचं बटण बंद करून मागे गेली. बैठक मेली की हँडसेटही मुका. मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं. मी बटणावर चिठ्ठी चिकटवली, ‘बंद करू नये’. सातव्या दिवशी सिस्टरने सांगितलं की चिठ्ठी जागेवर आहे आणि बटण बंद आहे. माय म्हणे, “हात आपोआप जातो, काय करू?”

मी रविवारी जाऊन घरभर फिरलो. या घरात असं एखादं बटण आहे का, जे माय कधीच बंद करत नाही? होतं. एकच. देवघरातल्या लाल दिव्याचं. वडील गेले तेव्हापासून तो रात्रंदिवस चालू आहे. मी टेलिफोनची वायर तिथवर ओढून त्याच्या शेजारच्या प्लगला फोनची मुख्य बैठक जोडली आणि तिला देवघरात, कुलदैवताच्या टाकाजवळ, सन्मानाने बसवलं. माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवसापासून पूजेनंतर फोनला एक बोट हळद, एक बोट कुंकू लागू लागलं.

आणि त्यातून दुसरी चूक झाली.

फोन अक्काचाच. दुपारी चारचा. दहा रिंगा झाल्या, कुणी नाही. मग सिस्टरच्या मोबाइलवर. मायने तो घेतला आणि म्हणाली, “बठ्ठं ठीक शे. फोनचं पोट रिकामं झालं.” म्हणजे बाकी सगळं ठीक, फक्त बॅटरी संपली होती. अक्का म्हणाली, “चार्जला का नाही लावला?” मायने सिस्टरच्या फोडणीचा विषय काढला. पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाली, “तो माझ्याबरोबर न्हाणीत येतो, मागे संडासाच्या दारापर्यंत येतो. पारोसा फोन देवाजवळ कसा ठेवू? त्याला काय आंघोळ घालू?”

दोन दिवस हँडसेट स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर विटाळशीसारखा बाजूला पडून होता आणि देवघरातली बैठक हळदकुंकू लावून त्याची वाट बघत होती. दुसरा हँडसेट खोक्यातच होता. मीच त्याला ‘जादा’ म्हणून माळ्यावर टाकला होता.

यावर तोडगा मायने स्वतः काढला, आणि तो माझ्यापेक्षा हुशारीचा होता. दुसरा हँडसेट माळ्यावरून उतरला. एक झाला देवाचा. तो देवघरातल्या बैठकीवर राहणार, आंघोळ झाल्यावरच हातात घ्यायचा. दुसरा पारोसा. त्याची छोटी बैठक स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. तो वॉकरच्या पिशवीत घरभर, परसभर, वाटेल तिथे. दोन्ही एकदम वाजायचे. आंघोळीच्या आधी पारोसा उचलायचा, आंघोळीनंतर जो हाताशी असेल तो. ती फोनवर बोलली की मी विचारायचो, “कोणता?” ती म्हणायची, “देवाचा. नीट बोल.”

त्यानंतर तीन आठवडे एकही चूक नाही. कधीही फोन करा, तिसऱ्या-चौथ्या रिंगला माय. “बोल. बठ्ठं ठीक शे.” अक्काने पहाटे केला, जेवणाच्या वेळी केला, कीर्तनाच्या वेळी केला. “बोल. बठ्ठं ठीक शे.” मला वाटू लागलं होतं की अक्काला जिंकायचंच नाहीये, नुसता मायचा आवाज ऐकायचा आहे. तिची मुलं पुण्याला, मेहुणे दिवसभर शेतावर. मायने एकदा मला सांगितलं होतं, “तिचा फोन मी उचलला नई तर तिले घास उतरत नई. म्हणून ओरडते.” हे माहीत असूनही माय कधी तिला तसं बोलली नाही.

परीक्षा संपायला चार दिवस होते. ऊन कडक झालं होतं. सकाळी अकराला अक्काचा फोन आला. एकच शब्द. “तिसरा.”

मी म्हटलं, “सिस्टरला विचार.”

“विचारलं. सिस्टर पण उचलत नाही. मी निघालेय.”

मीही निघालो. या वेळी पारोळ्यापर्यंतसुद्धा मला धीर नव्हता.

गल्लीत शिरलो तेव्हा अक्का रिक्षातून उतरत होती. हातात एक मोठी रिकामी बॅग. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि न बोलता घरात घुसलो. बैठक रिकामी. मधली खोली रिकामी. देवघरातला हँडसेट जागेवर नव्हता. पण घरभर एक वास होता, शिजलेल्या ज्वारीचा, लसणाचा, तिळाचा. वास ओळखून मी धावायचा थांबलो.

परसात चूल पेटली होती. चुलीवर मोठं पातेलं, आणि गल्लीतल्या दोघी लाकडी दांड्याने आतलं पीठ हाटत होत्या. बिबड्यांचा दिवस होता! आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे हे मोठे पापड वर्षभराचे करून ठेवतात. ज्वारीचं पीठ शिजवून घट्ट करायचं, त्याला घाटा म्हणतात, आणि तो गरम असतानाच ओल्या हाताने पातळ थापून उन्हात टाकायचा. गार झाला की संपलं, चिरा पडतात. पन्नास वर्षं आमच्या गल्लीचे बिबडे मायच्या नजरेखाली झाले होते. थापायचे मात्र गच्चीवर. आणि गच्चीला सतरा पायऱ्या.

माय चुलीशेजारी खुर्चीत होती. समोर वॉकर, कानाला देवाचा फोन, आणि ती सेनापतीसारखी बोलत होती.

“सिस्टर, कडा पातळ करा, कडा! मध्ये जाड चालतं, कडा नको. पारोसा साडीवर ठेवलाय ना? वाऱ्याने कोपरा उडतोय, मला आवाजावरून कळतंय.”

वरून तिचाच आवाज दुप्पट होऊन गच्चीभर ऐकू येत होता. पारोसा फोन वाळवणाच्या साडीच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवलेला, त्याचा स्पीकर चालू. एका हँडसेटवरून दुसऱ्यावर बोलता येतं, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होतं. ते पान मी वाचलंच नव्हतं. सिस्टरने वाचलं होतं.

मायने आम्हाला बघितलं. बॅग बघितली. कानावरचा फोन खाली घेतला.

अक्का म्हणाली, “माय, फोन वाजला नाही का?”

“कानात टुकटुक झालं.”

“मग?”

“पहिला घाटा वर चढत होता.”

“एक बटण दाबायचं होतं! एक! माझा जीव...” हाटणाऱ्या दोघींचे दांडे थांबले.

मायने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “तुझं खरं शे. फोन तुझाच शे हे मी ओळखलं होतं. ठरलं म्हणजे ठरलं. हरले मी. फक्त एवढे थापून होऊ दे.”

ती अशी सहज हरेल, यासाठी मी तयार नव्हतो. अक्काही नव्हती. ती बॅग हातात धरून तशीच उभी राहिली. मी काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं, पण शर्त मीही मान्य केली होती.

तेवढ्यात मायच्या मांडीवरच्या फोनमधून सिस्टर ओरडल्या, “माय, घाटा संपला! दुसरा पाठवा, आणि एखादं माणूस पण पाठवा. आम्ही कमी पडतोय!”

मायने वर बघितलं. मग अक्काकडे. “आलीच आहेस तर हा घाटा वर ने. ती बॅग इथे ठेव.”

अक्काने बॅग माझ्या हातात दिली, पदर कमरेला खोचला, चिंध्या हाताला गुंडाळल्या आणि घाट्याचं भगुनं उचलून सतरा पायऱ्या चढून गेली. साठीची बाई. तिला बिबडे मायनेच शिकवले होते. वरून तिचा आवाज आला, “हे काय थापलंय? याला बिबडा म्हणतात का सतरंजी? सरका!” गच्ची हसली. माय कान देऊन ऐकत होती. चार-पाच बिबडे थापून झाले असतील तेवढ्या वेळाने तिने लाल बटण दाबून फोन बंद केला.

“का बंद केला?” मी विचारलं.

“वर अक्का शे ना. मला बोलायचं काय काम?” ती म्हणाली आणि फोन खणाच्या पिशवीत टाकला. मग पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर होता, असं तिचं म्हणणं.

मी रिकामी बॅग पायरीवर ठेवली. खिशातून मोबाइल काढला. माय बघत होती. मी घरचा नंबर लावला.

वॉकरच्या पिशवीत देवाचा वाजला. गच्चीवर, साडीच्या कोपऱ्यावर, पारोसा वाजला. मायचा हात सवयीने पिशवीत गेला. मी तोंडावर बोट ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलं, तिच्या लक्षात आलं, आणि हात हळूच बाहेर काढून ती बोटांवर मोजू लागली. पाच. सहा. हाटणाऱ्या दोघींनी श्वास रोखला. आठ. नऊ. दहा.

“अक्का,” वरून सिस्टरचा आवाज आला, “अहो, फोन वाजतोय! तुमच्या पायाशीच आहे.”

अकरा.

आणि माझी बहीण, आमची न्यायाधीश, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “वाजू द्या मेल्याला! घाटा गार झाल्यावर काय फोन थापायचा का?”